विझलेल्या ताऱ्याचे प्रत्यक्ष

हंस आणि वृषपर्वा या तारकासमूहांच्या सीमेवर दिसणाऱ्या, सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ६९४६ या सर्पिल दीर्घिकेत १९१७ ते २०१७ या काळात दहा अतिनवतारे, म्हणजे आयुष्य संपताना स्फोट पावणारे तारे, नोंदले गेले (२००८चा स्फोट त्या जातीचा होता की नाही, याविषयी मात्र वाद आहे). हे सारे स्फोट मानवजात अवतरण्यापूर्वीच घडून गेले होते. मग निरीक्षकाने पाहिले ते काय? इंद्रिय व विषय यांच्या संयोगातून प्रत्यक्ष ज्ञान उपजते असे मानणारा नैयायिक येथे अडचणीत येतो, कारण संयोगासाठी विषयच उरलेला नाही. ज्ञान उपजेपर्यंत क्षणिक वस्तू नष्ट झालेली असते आणि तिने उमटवलेल्या आकारावरून तिचे अनुमानच करावे लागते, ही सौत्रांतिक बौद्धांची भूमिका या स्फोटांच्या बाबतीत अधिक सयुक्तिक ठरते.