मीठ कुणाचे, जागायचे कुणाला?

खाल्ल्या मिठाला जागावे, हे मला मनापासून पटते. म्हणूनच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची १९१०ची गव्हर्नरपदाची निवडणूक मला अस्वस्थ करते.

उमेदवार होते वुड्रो विल्सन. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष, राजकारणात अगदी नवखे. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांच्या पदरात टाकली ती नेवार्कचे बडे पुढारी जेम्स स्मिथ यांनी. मी कुणालाही कसलाच शब्द दिलेला नाही, असे विल्सन यांनी तेव्हाच जाहीर केले होते. नोव्हेंबरात ते सुमारे ४९ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले.

मग स्मिथ यांनी सिनेटची जागा मागितली. त्या काळी सिनेटर निवडायचे ते राज्याच्या विधिमंडळाने. तो हक्क थेट जनतेला मिळाला १९१३च्या घटनादुरुस्तीने. पण न्यू जर्सीतल्या पक्षाच्या मतदारांनी सप्टेंबरातच जेम्स मार्टीन यांच्या बाजूने कौल दिला होता. तो कौल बंधनकारक नव्हता. मतदान थोडेच झाले होते. मार्टीन यांना हे पद पेलेल, असे खुद्द विल्सन यांनाही वाटत नव्हते. स्मिथ तर पूर्वी सिनेटर राहिलेले. कौल बाजूला सारायला इतकी कारणे हाताशी होती, आणि त्यातले एकही खोटे नव्हते. खोट्या सबबी मनाला टोचतात तरी. खऱ्या सबबी माणसाला गाढ झोपू देतात.

डिसेंबरात विल्सन स्मिथ यांच्या घरी गेले आणि माघार घ्या, असे त्यांना समोरासमोर सांगितले. स्मिथ बधले नाहीत. तेव्हा विल्सन यांनी सभा घेऊन उघड विरोध केला, आणि जानेवारी १९११मध्ये विधिमंडळाने मार्टीन यांना निवडले.

याला कृतघ्नपणा म्हणावे का? मला तसे वाटत नाही. उपकार फेडायचा तो आपल्या मालकीचे काही देऊन. ती जागा विल्सन यांच्या मालकीची नव्हती, ज्यांनी कौल दिला त्यांची होती.

तरी एक गोष्ट सलते. स्मिथ यांना सिनेटवर जायचे नाही, असे विल्सन यांना उमेदवारीच्या वेळी सांगण्यात आले होते. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. सत्ता मुठीत ठेवणारा पुढारी काहीही न मागता एवढी मदत करील, हे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला खरेच पटले असेल? नकार देण्याचे धैर्य त्यांनी डिसेंबरात दाखवले. ‘बदल्यात काय हवे?’ हा प्रश्न सप्टेंबरात, मदत घेतानाच, स्मिथ यांना तोंडावर विचारायला हवा होता.