उंचसखल

आमच्या मुळशीत सपाट म्हणावे असे दोनच : शाळेचे मैदान आणि धरणाचे पाणी. बाकी सारा उतार. त्या उतारावर आमची एक वरकस पट्टी आहे. नाचणी-वरईपलीकडे तिने काही दिले नाही, आणि आम्हीही तिच्याकडे फारसे मागितले नाही. यंदा तिला गिऱ्हाईक आले. उन्हापासून वीज करणाऱ्यांना ती पंचवीस वर्षांच्या भाड्याने हवी होती.

धाकटा भाऊ हरखला. मीही हरखलो, हे कबूल करतो. कादंबऱ्यांच्या मानधनात घरावरची कौलेसुद्धा बदलत नाहीत. पण आलेला इंजिनिअर सहज बोलून गेला, "आधी बुलडोझर घालून सगळं सपाट करून घेऊ."

तिथे मी अडखळलो. उतारावरची माती ती केवढी! वीतभर खणले की मुरूम, हातभर खणले की कातळ. ती उकरून ढिली केली, की आषाढातला पाऊस तिला खालच्या आबांच्या भातखाचरात नेऊन टाकणार. म्हणजे भाडे आमचे, वीज कुणाची तरी आणि गाळ आबांचा!

मनातला वकील म्हणाला, "तुझ्या आजोबांनी तरी काय केले? खाचरे डोंगर कापूनच झाली ना?" खरे आहे. अस्पर्श निसर्गाच्या गोष्टी शेतकऱ्याच्या नातवाने करू नयेत. पण आजोबांनी उतार कापला तो माती अडवण्यासाठी. आणि बांध फुटता तर पहिल्यांदा त्यांचेच भात वाहून जाते.

मुळशीकराला विजेविषयी बोलताना १९२१ साल विसरता येत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. तरी खोरे बुडाले. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि त्याची वीज मुंबईला गेली. विजेशी माझे वैर नाही, तिच्याच उजेडात हे लिहितो आहे. पण उजेड एकाने घ्यावा आणि किंमत दुसऱ्याने मोजावी, हे किती दिवस चालवायचे?

इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा मी विचारले, "सपाट न करता नाही का जमणार?" माणूस सरळ. एका मुलाच्या वहीत त्याने चित्रच काढून दाखवले. सगळे खांब सारख्या उंचीचे हवेत असे नाही. चढावर आखूड, खोलगट जागी लांब. कातळ लागला तर भोक पाडून खांब बसवायचा. सूर्याबरोबर फिरणाऱ्या लांब रांगांनासुद्धा आता मधे मधे सांधे देऊन जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळवता येते. आमची पट्टी दक्षिणेला उतरते, ते तर बरेच. एका रांगेची सावली मागच्या रांगेवर कमी पडते. खाली गवत राखले की माती जागची हलत नाही.

"मग अडते कुठे?"

"लोखंड जास्त, मोजणी जास्त, मजुरी जास्त. तुम्ही भाडं थोडं कमी घेतलंत, तर वर विचारून पाहतो."

सपाटीकरण स्वस्त का पडते ते तेव्हा कळले : आबांच्या खाचरातला गाळ त्या हिशेबात कुठे मांडलेलाच नसतो. आता तो मांडायचा, तर पहिला आकडा आमच्याच भाड्यातून वजा होणार!

भाऊ म्हणतो, "दादा, कंपनीचा खर्च आपण का सोसायचा?" त्याचे चूक आहे असे मला म्हणवत नाही, गळकी कौले त्याच्याही डोक्यावर आहेत. मी त्याला एवढेच म्हणालो, की पंचवीस वर्षांनी जमीन परत येईल ती तुझ्या मुलाच्या हाती. तेव्हा माती परत यावी की नुसता मुरूम? तो उठून गोठ्यात गेला.

काल आबा बांधावर भेटले. "गुरुजी, इजेचं काय ठरलं?"

"अजून नाही, आबा."

दिवाळीनंतर उत्तर कळवायचे आहे.