पिशवी, उचल आणि खाडा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या शेकडो गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर निघालेले असतील. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं.

२०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याच्या बातम्या आल्या, विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्या दिवसांत बातम्यांनी एका गावाला ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ म्हणून टाकलं. मला ते फार खटकलं. असल्या नावानं बाई नवलाची वस्तू होते आणि तिच्यावर ही पाळी कुणी आणली, हे बाजूला राहतं.

तेव्हाच्या चर्चेत एक शब्द सारखा यायचा: अज्ञान. बायकांना समजावून सांगा, जनजागृती करा. हे निदान मला पटत नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी टोळी जमवणारा मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटत जाते. एक दिवस काम बुडालं की खाडा: त्या दिवसाची मजुरी जाते, वर अनेक टोळ्यांत पाचशे-पाचशे रुपये दंड कापला जातो. पहाटे अंधारातच फडात उतरायचं, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी मध्यरात्री आली तर भरणी मध्यरात्री. पोटुशी बाईही याला अपवाद नसते. राहायला पालाची कोपी. शौचालय नाही, न्हाणी नाही. पाळीचं फडकं धुवायला पुरेसं पाणी नाही आणि ते वाळत घालायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखत राहतं. यातली बहुतेक दुखणी वेळेवर औषध मिळालं तर बरी होणारी. पण हंगामात दवाखाना म्हणजे खाडा, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. गावी परतल्यावर बाई एखाद्या खासगी दवाखान्यात जाते आणि तिथं ऐकते, की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. वय तिशी-पस्तिशी, दोन-तीन लेकरं झालेली. पाळी थांबली तर दुखणंही जाईल आणि खाडाही, असं वाटून ती हो म्हणते. ऑपरेशनचा खर्च पुष्कळदा मुकादमाच्या उचलीतूनच येतो. म्हणजे ती उचल फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फड आलाच. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर ऐन उमेदीत रजोनिवृत्ती येऊन हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि मोळीचं वजन काही कमी होत नाही.

या बाईचा हिशेब चुकलेला नाही. हिशेबातले आकडे मात्र तिचे नाहीत, ते मुकादमानं, कारखान्यानं आणि डॉक्टरनं ठरवलेले आहेत.

मग आरोग्य शिक्षणाला काही अर्थच नाही का? आहे, आणि त्याचा पुरावा पाटोदा-आष्टीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं ते दुष्काळात. लोकांना आधी औषध नको होतं, पाणी आणि अन्न हवं होतं. आरोळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. मग गावानं निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, लसी, बाळाचं वजन. जे डॉक्टरला ठाऊक ते त्यांना शिकवलं गेलं. १९७१ च्या सुमाराला त्या परिसरात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं डॉक्टरांनी आपलं ज्ञान गावातल्या बाईच्या हाती सोपवलं, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते.

पण जामखेडची सेविका गावात असते, आणि ऊसतोडीची बाई अर्धं वर्ष गावात नसते. आपल्या बहुतेक योजना घराच्या पत्त्यावर पोचतात. आशाताई गावात, अंगणवाडी गावात. बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असं बंधन आलं. ते आवश्यकच होतं, पण ते शेवटच्या पायरीवर अडवतं. दुखणं सुरू होतं फडात. म्हणून सेविका टोळीतलीच हवी. प्रत्येक टोळीत कोयता चालवणारीच एक बाई, शिकवलेली, औषधांची पेटी जवळ असलेली, आणि त्या कामाचे पैसे मिळणारी. फुकट सेवा करायला तिला सांगू नये.

मदतही शेवटच्या नव्हे, पहिल्या पायरीवर हवी. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक नागरगोजे यांनी २००० साली सुरू केलेल्या ‘शांतिवन’मध्ये ऊसतोड कामगारांची मुलं राहून शिकतात. याला आपण शिक्षणाचं काम म्हणतो. माझ्या मते ते आरोग्याचंही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवायची भीती वाटते, आणि लग्न लागलं की नवा कोयता तयार होतो. सोळाव्या वर्षी बाळंतपण, पंचविशीत तीन लेकरं, तिशीत पिशवी. मुलीला वसतिगृहात सुरक्षित जागा मिळाली तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

पैसा नाही, हे कुणी सांगू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. अडचण जबाबदारीची आहे. कारखाना कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि बाईच्या नावाची नोंद बहुधा कुठंच नसते, कारण मजुरी कोयत्याची.

तुमच्यापैकी अनेक जण साखर कारखान्याचे सभासद असतील. पुढच्या सर्वसाधारण सभेत दराबरोबर एवढंही विचारा: आपला ऊस तोडणाऱ्या बायकांची नावं कारखान्याच्या दप्तरी आहेत का, त्यांच्या तळावर शौचालय आणि पाणी आहे का, आणि आजारपणाचा खाडा आपण कधी बंद करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.