दर्शन आणि अनवसर

प्रवासाची पुस्तके ज्यांना 'प्रेक्षणीय स्थळे' म्हणतात, त्यांच्याविषयी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगे. परंतु जे पाहण्याजोगे ते पाहण्यासाठीच आहे, असे आपण केव्हा धरून चाललो, हे आपले आपल्यालाही उमगत नाही. सुंदर वस्तू पाहण्याचा अधिकार माणसाला आहे काय, असल्यास त्याला मर्यादा कोणती, आणि ती मर्यादा पाळण्याचा भार कोणी सोसावयाचा, या तीन प्रश्नांचा विचार ओडिशाच्या समुद्रकिनाऱ्याच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

या किनाऱ्यावर निसर्ग आणि देवालये शेजारी शेजारी नांदतात. उत्तरेस ब्राह्मणी व वैतरणी यांच्या मुखाशी भितरकनिकेचे खारफुटीचे अरण्य आहे. त्याला लागून गहिरमाथ्याची वाळू. खाली आले की कोणार्क व पुरी, त्यापुढे चिलिकेचे विस्तीर्ण सरोवर, आणि गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीचे मुख. एका आठवड्यात हे सर्व पाहून होते, असे प्रवासी म्हणतात. 'पाहून होते' हा शब्दप्रयोगच मोठा बोलका आहे. ज्या खारफुटीत आपण होडीतून दोन घटका हिंडून येतो, ती तिच्या आडोशाला वसलेल्या गावांना शोभेची वस्तू नव्हे. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्या गावांपुढे ही झाडी रुंद होती तेथे माणसे कमी दगावली, असे आढळून आले. अरण्याला त्याचे स्वतःचे काम असते. आपले पाहणे हे त्यातील एक आगंतुक.

हा आगंतुक निरुपद्रवी असतो, अशी आपली समजूत आहे. पाहिल्याने फूल झिजत नाही, असे आपण म्हणतो. परंतु चिलिकेतील सातपाड्याजवळ इरावती डॉल्फिन दिसावेत म्हणून यंत्राच्या होड्या त्यांच्या मागे लागतात, तेव्हा त्या प्राण्याचा श्वास घेण्यासाठी वर येण्याचा क्षण हाच आपल्या करमणुकीचा क्षण ठरतो. ऋषिकुल्येच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात; २०२५ साली तेथे साडेसहा लाखांहून अधिक कासवे आली. सुमारे दीड महिन्याने रात्री वाळूतून पिले बाहेर पडतात आणि क्षितिजाचा जो भाग अधिक उजळ असेल तिकडे चालू लागतात. निसर्गाच्या व्यवस्थेत ती उजळ बाजू समुद्राची असते. माणसाने दिवे लावले की ती जमिनीची होते, आणि पिले समुद्राकडे पाठ करून मृत्यूच्या वाटेला लागतात. पाहण्यासाठी लावलेल्या दिव्यानेच पाहण्याची वस्तू नाहीशी व्हावी, याहून विदारक गोष्ट ती कोणती?

पाहणे आणि घेणे यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही. पुरीच्या सिंहद्वारापुढे जो अरुणस्तंभ उभा आहे तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिराचा. १७५१ ते १८०३ या मराठी अंमलाच्या काळात तो तेथून पुरीस आणण्यात आला. आणणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही सूर्याच्या सारथ्याचा स्तंभ सूर्यमंदिरापुढे राहिला नाही, हेही तितकेच खरे. आवडीच्या वस्तूपाशी थांबणे आणि ती जवळ ओढणे यांत एकाच पावलाचे अंतर असते, आणि ते पाऊल अनेकदा श्रद्धेनेच पडते, हे आम्हा मराठी माणसांनी तरी ध्यानात ठेवावयास हवे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भितरकनिका एकेकाळी कनिकाच्या राजाचे शिकारीचे रान होते. त्याचा शिकारीचा मनोरा आजही तेथे उभा आहे. १९५२ साली जमीनदारी गेली, १९७५ साली रान अभयारण्य झाले आणि १९९८ साली त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राजाचे ते प्रजेचे झाले. आता त्याच प्रजेला 'दार बंद' म्हणून सांगणे म्हणजे नव्या नावाने जुनाच राजवाडा उभारणे नव्हे काय?

आमच्या मते नव्हे. राजा इतरांना दूर ठेवी तो शिकार आपल्याला मिळावी म्हणून. आज मे ते जुलै हे तीन महिने उद्यान प्रवाशांना बंद असते, ते खाऱ्या पाण्यातील मगरींनी निश्चिंतपणे अंडी घालावीत म्हणून. १९७० नंतरच्या दशकात तेथे शंभराच्या आत उरलेल्या या मगरी आज अठराशेच्या घरात गेल्या आहेत. दार कोणासाठी बंद आहे, यावरून त्या बंदीची नीती ठरते.

आणि बंद दाराची ही कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. ज्येष्ठी पौर्णिमेस पुरीच्या जगन्नाथाला एकशे आठ घागरींनी स्नान घालतात. त्या स्नानाने देवाला ज्वर येतो, आणि पुढील पंधरवडा दर्शन बंद राहते. यालाच अनवसर म्हणतात. ज्याच्या दर्शनासाठी लोक शेकडो कोसांवरून येतात तो जगन्नाथही काही काळ दर्शनास उपलब्ध नसतो. आणि त्यामुळे भक्ती उणावत नाही, उलट पुढील रथयात्रेला तिला भरती येते. पाहणाऱ्याच्या इच्छेपेक्षा पाहिल्या जाणाऱ्याची विश्रांती मोठी, हे तत्त्व ज्यांनी देवाच्या बाबतीत मानले त्यांना ते मगरीच्या व कासवाच्या बाबतीत मानणे जड जाऊ नये.

परंतु येथवर आलेला विचार येथेच थांबला तर तो अर्धवट, किंबहुना अन्यायाचा ठरेल. कारण त्यागाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कासवांसाठी दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात धामरा, देवी व ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर समुद्रात वीस किलोमीटरपर्यंत यांत्रिक मासेमारीस मनाई असते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून कासवे गुदमरतात, म्हणून ही मनाई आवश्यक आहे, यात वाद नाही. पण तिच्या कक्षेत इंजिन बसविलेली कोळ्याची लहान होडीही येते. प्रवाशाने सोडावयाचे ते एक दृश्य. कोळ्याने सोडावयाचे ते सात महिन्यांचे चार घास. दुसऱ्याच्या ताटातून काढलेल्या अन्नाला आपला उपवास म्हणणे, ही नीती नव्हे. शहरात बसून निसर्गरक्षणाच्या बातमीने संतोष पावणाऱ्या आपणा सर्वांना हे शब्द लागू आहेत.

याचेही उत्तर त्या देवळाच्या बंद दाराआड आहे. अनवसरात देवाजवळ कोणीच नसते असे नाही. त्या पंधरवड्यात सेवेचा मान दैतापतींचा असतो; आणि हे दैतापती आपली परंपरा सांगतात ती विश्वावसु नावाच्या शबराची, अरण्यात राहून देवाची प्रथम पूजा करणाऱ्या वनवासी माणसाची. दार बंद होते ते आमच्या-तुमच्यासारख्या दर्शनार्थींना. जो मुळापासून जवळचा होता तो आतच राहतो. दर्शनाचा अधिकार थांबतो तेव्हा सेवेचा अधिकार सुरू होतो.

निसर्गाच्या बंद दाराआडही असेच घडावयास हवे, आणि क्वचित ते घडलेही आहे. चिलिकेच्या काठी मंगलाजोडी गावात पाणपक्ष्यांची शिकार करणारेच पुढे त्यांचे राखणदार झाले. आज तेच वल्ह्याच्या होडीतून पाहुण्यांना बेताच्या अंतरावरून पक्षी दाखवितात. ऋषिकुल्येच्या काठच्या गावांतील तरुण रात्री जागून भरकटलेली पिले समुद्राकडे पोहोचवितात. या लोकांना किनाऱ्यावरून दूर सारून किनारा वाचविणे म्हणजे दैतापतींना हाकलून देवाची शुश्रूषा करण्यासारखे आहे.

तात्पर्य, पाहण्याचा अधिकार माणसाला आहे. पण तो पाहुण्याचा अधिकार आहे, मालकाचा नव्हे. यजमान निजला असता पाहुण्याने परत फिरावे. आणि त्या निद्रेसाठी ज्यांना उपाशी जागावे लागते, त्यांच्या अन्नाचा वाटा आपल्या प्रवासाच्या खर्चात धरावा. एवढे ज्याला मान्य नाही त्याने किनारा पाहिला, असे फार तर म्हणता येईल. त्याला दर्शन झाले, असे म्हणता येणार नाही.