साक्षात्कार कुणाचा, झपाटणं कुणाचं?

साक्षात्काराची गोष्ट निघाली की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, मला अनुभव आलाय. दुसरा म्हणतो, पुरावा आण. मी पुरावा मागणाऱ्यांतलाच. तरी हे बोलणं दर वेळी का फिसकटतं, ते बघितलं पाहिजे.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९०२ सालच्या ग्रंथात अशा अनुभवाच्या खुणा मांडल्या. त्यातल्या दोन मला महत्त्वाच्या वाटतात. अनुभव शब्दांत मावत नाही, पण काहीतरी कळल्याची खात्री देऊन जातो. शब्द नाहीत आणि खात्री आहे. भांडण पेटतं ते इथंच. दातदुखीसुद्धा शब्दांत मावत नाही. पण दात सगळ्यांनाच असतात, म्हणून ऐकणारा मान हलवतो. इथं ऐकणाऱ्याजवळ ताडून बघायला काहीच नसतं.

एवढंच असतं तर भागलं असतं. पण आपल्या संशयाला रक्ताचा इतिहास आहे. पोरीच्या केसांत जट झाली की यल्लमाची हाक आली म्हणायचे आणि पोर देवीला सोडायचे. १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, तरी पोरी सोडल्या जातच राहिल्या. हाक कुणी ऐकली? पोरीनं? नाय. ऐकली दुसऱ्यांनीच, देह गेला तिचा. ज्यांच्या घरातून पोरी गेल्या त्यांनी पुरावा मागितला, तर त्यांना कोरडे, अश्रद्ध कोण म्हणणार?

आता दुसरी बाजू. मठात बसलेल्याला काही झालं तर तो साक्षात्कार. त्याची पोथी निघते, पालखी निघते. आमच्या म्हातारीला तसंच झालं तर झपाटलंय, येड लागलंय. पुरावा दोघांजवळ सारखाच, म्हंजे नाहीच. मग निवाडा कशानं झाला? जातीनं. म्हातारीला हसणाऱ्या पोरानं आपण कुणाच्या तोंडानं हसतोय, ते तपासावं.

चोखोबाचं बघा. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत कोसळली आणि तो मजुरांसंगं मेला. हाडांतून विठ्ठल ऐकू आला म्हणून नामदेवानं ती ओळखली, अशी आख्यायिका आहे. म्हंजे हाडांचा अनुभवसुद्धा मान्य झाला. समाधी मात्र महाद्वाराबाहेर. ते दार आपल्यासाठी उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षं अनुभवानं दार उघडलं नाही, ते लढ्यानं उघडलं. पण १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. ते देव नाकारत होते, भक्ताला नाकारलं नाही.

मला यातून एक फरक दिसतो. ‘मला असं झालं’ हे एक वाक्य. ‘म्हणून तुम्ही असं वागा’ हे दुसरं. पहिल्याला पुरावा मागणं म्हंजे भूक लागल्याची पावती मागणं. दुसऱ्याला पुरावा न मागणं म्हंजे पोर देवीला सोडणं. जेम्सही हेच म्हणतो: अनुभवाचा अधिकार ज्याला आला त्याच्यापुरता, इतरांवर नाही.

तेव्हा पहिलं वाक्य पुरतं ऐकून घ्या, मधेच हसू नका. दुसरं वाक्य निघालं की उठून उभे राहा आणि हिशेब मागा.