अळीचं काय होतं?

घरात कुणी अभद्र बोललं की जुनी माणसं दटावत, "शुभ बोल, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." मनात आणलं ते खरं होतं, ही आपल्याकडची जुनी धास्ती. आता तिचीच आशा झाली आहे आणि आशेला गिऱ्हाईक भरपूर. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी हीच आशा विकणाऱ्या जोसेफ मर्फी आणि रॉन्डा बर्न यांची पुस्तकं मराठीत रचलेली असतात. फ्लॅट, नोकरी, व्हिसा मिळालाच आहे असं धरून चाला, म्हणजे मिळतो. (हप्ते मात्र फेडावेच लागतात.) याच शहरात 1974 साली कोरेगाव पार्कात येऊन राहिलेल्या रजनीशांचा सूर अगदी उलटा, उसन्या विश्वासाला त्यांनी कायम झोडपलं. पण चौकात खप कशाचा, ते उघड आहे.

आपल्या परंपरेत या विचाराला एक दृष्टान्त आहे, भ्रमर-कीटक न्याय. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते. भीतीपोटी अळीला अहोरात्र तिचाच ध्यास लागतो आणि शेवटी अळीच माशी होऊन बाहेर पडते. दिसतं तसंच. खिडकीच्या चौकटीला चिकटलेलं सुपारीएवढं मातीचं गाडगं पुण्यातल्या फ्लॅटांतही सापडतं. आत अळी जाते, तोंड लिंपलं जातं, काही दिवसांनी भोक पाडून माशी उडते. मधली हकिगत तेवढी निराळी. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, मारत नाही. त्याच घरट्यात तिचं अंडं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी शिदोरी खातं, कोशात जातं आणि पंख फुटले की बाहेर येतं. अळीची माशी होत नाही, अळी संपते.

कीटकशास्त्राने दृष्टान्त मोडीत काढला, असं मला वाटत नाही. उलट त्याला धार आली: दुसरं काही व्हायचं तर आधीचं संपावं लागतं. 'मनात आणा, मिळेल' शिकवणाऱ्या कार्यशाळेला पैसे भरून बसलेल्याला मात्र अळीच राहायचं असतं, फक्त पानं जास्त हवी असतात.

अळी खरंच संपते तेव्हा काय होतं, ते मुंबईत दिसलं. खेतवाडीला मारुती कांबळी नावाचे गृहस्थ विड्या विकायचे. धंदा वाढला, आठ दुकानं झाली. 1933 साली सिद्धरामेश्वर महाराज भेटले. तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, एवढंच त्यांनी सांगितलं. कांबळींनी गुरूंचा शब्द प्रमाण मानला आणि त्याला चिकटून राहिले. गुरू 1936 साली गेले. कांबळी पुढे घर सोडून काही महिने भटकले आणि परतले तेव्हा आठांतलं एकच दुकान उरलं होतं. पुढे पत्नी गेली, मुलगीही गेली. विड्या विकणं चालूच राहिलं. हेच निसर्गदत्त महाराज. जग तुझ्या जाणिवेत उगवतं, असं ते पोटमाळ्यावर बसून सांगायचे. मॉरिस फ्रिडमन यांनी त्यांची संभाषणं 1973 साली इंग्रजीत आणली, तेव्हापासून त्या माळ्यावर देशोदेशीचे लोक चढू लागले.

विश्वासाने वास्तव घडतं, याचा हिशेब दुकानांत मांडला तर इथे आठाचं एक झालं. तोटा झाला म्हणावं, तर तो मांडून बसणारा कांबळी कुठे उरला होता?

विश्वासाने वास्तव घडतं या शिकवणीचा बाजारी अवतार मला खटकतो तो दुखणाईताच्या खाटेपाशी. औषध लागू पडलं नाही की कुणीतरी हळूच म्हणतं, "सकारात्मक राहिला नाही हो." आजार तर होताच, वर हा गुन्हा. निसर्गदत्तांना घशाचा कर्करोग झाला, 1981 साली ते त्यातच गेले. दुखणं वाढत असतानाही ते लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. विश्वास कमी पडला, असं त्यांना तोंडावर म्हणायची कुणाची छाती झाली नसती. तेच वाक्य आपण घरातल्या आजारी माणसाला मात्र सहज ऐकवतो.