काटकसर कोणाच्या वेळेची?

आमच्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या काळातील मोडी कागद अजून जपून ठेवलेले आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांतून असा एखादा रुमाल अजूनही निघतो. लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिता यावे, ही मोडीची सोय. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तीत पाळला जात नसे. लिहिणाऱ्या कारकुनाचा वेळ वाचला. अर्थ लावण्याचे श्रम मात्र आज आमच्या माथी आले आहेत. त्या कारकुनाला आम्ही दोष देत नाही, कारण त्याच्या काळी वाचणाऱ्यांना मोडी येत होती. परंतु काटकसर कोणाच्या खाती जमा झाली आणि कोणाच्या नावे खर्ची पडली, हे पाहिल्यावाचून तिला सद्गुण म्हणता येत नाही, एवढे त्या कागदांवरून आम्हांस उमगले.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. असेंब्ली भाषेत लिहिताना प्रोसेसरची एकेक आज्ञा स्वतः मांडावी लागते. कोणती संख्या कोठे ठेवायची, कोठून उचलायची, हेही स्वतःच ठरवावे लागते. उच्चस्तरीय भाषेत गणिती सूत्रासारखी एक ओळ लिहिली की कंपायलर नावाची आज्ञावली तिचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करते. पहिल्या रीतीत यंत्राचे श्रम वाचवण्यासाठी माणूस झिजतो. दुसऱ्या रीतीत माणसाचे श्रम वाचतात आणि भार यंत्रावर पडतो.

जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, ती १९५७ साली लोकांच्या हाती आली. त्या काळी यंत्राचा एकेक मिनिट मोलाचा होता. कंपायलरने घडवलेली आज्ञावली हाताने लिहिलेलीपेक्षा फार मंद ठरली, तर कोणी तिला हात लावणार नाही, ही धास्ती त्यांना होती. म्हणून वेगासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले. मात्र संगणक-केंद्रात प्रोग्रॅमरांवर होणारा खर्च यंत्राच्या खर्चाहून कमी नसतो, हेही बॅकस यांनी हेरले होते. मानवी श्रमाची किंमत हिशेबात धरली गेली, ती अशी.

यापेक्षा बोधप्रद उदाहरण युनिक्स प्रणालीचे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती आरंभी असेंब्लीत लिहिली होती. १९७३ साली तिचा बहुतेक भाग सी या भाषेत नव्याने लिहिण्यात आला. नवी प्रणाली जुनीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठी झाली, असे या दोघांनी १९७४ सालच्या लेखात मोकळेपणाने सांगितले आहे. स्मृतीची टंचाई असलेल्या त्या काळी ही वाढ लहान नव्हती. तरीही त्यांना ती मान्य झाली, कारण नवी प्रणाली समजण्यास आणि सुधारण्यास कितीतरी सोपी होती. शिवाय त्या वाढीत काही नव्या सोयीही आल्या होत्या. पुढे याच गुणामुळे ती निराळ्या बनावटीच्या यंत्रांवरही नेता आली. तो एक-तृतीयांश भार त्यांनी नंतर येणाऱ्या वाचकासाठी उचलला, असे आम्हांस वाटते.

मग असेंब्लीचा आग्रह हा निव्वळ हट्ट म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्र स्वस्त झाले, म्हणून उधळपट्टी निर्दोष ठरत नाही. एका लेखकाने आपली दुपार वाचवण्यासाठी बोजड आज्ञावली लिहिली, तर तिचा भुर्दंड हजारो लोक रोज क्षणाक्षणाने भरतात. कोणाचा जुना फोन अकाली निकामी होतो, वीजही वाया जाते. हा खर्च लेखकाच्या वहीत कधीच चढत नाही. उलट, चलच्चित्रे उलगडून दाखवणाऱ्या एफएफएम्पेगसारख्या आज्ञावलींत काही मोजके भाग आजही हाताने असेंब्लीत लिहिले जातात. आजचे कंपायलर एरवी सामान्य प्रोग्रॅमरपेक्षा सरस आज्ञा रचतात. पण जो तुकडा असंख्य यंत्रांवर अहोरात्र फिरतो, तेथे एका माणसाने महिनाभर घाम गाळणे हे लोकांच्या वेळेचे रक्षणच होय.

म्हणून भाषेची उच्चनीचता आम्ही निकषच मानत नाही. लिहिलेले किती वेळा वाचले जाईल आणि किती वेळा चालेल, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. जे वारंवार वाचले आणि सुधारले जाणार, ते सुबोध असावे. जे वारंवार चालणार, त्याचा वेग प्रत्यक्ष मोजावा आणि जेथे खरोखर अडते तेवढ्याच जागी हात घालावा. अंदाजाने केलेली काटकसर बहुधा नको त्या जागी होते.

आणखी एक दक्षता हवी. खालच्या थरात काय चालते, हे जाणणारे कोणीतरी प्रत्येक पिढीत राहिले पाहिजे. तो थर सर्वांनीच विसरला, तर उद्या कंपायलर चुकला असता चूक ओळखणार कोण? सर्वांनी मोडी शिकावी असे आम्ही म्हणत नाही. पण पेटीतला कागद वाचणारा घरात एकही नसावा, ही स्थिती किती अडचणीची असते, हे आम्हांस कोणी वेगळे सांगायला नको.